जनरल रजिस्टर वाचताना : एका द्विशिक्षकी शाळेच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

सातारा जिल्ह्यातील डोंगराकडच्या एका वाडीवरील आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सर पाहतात आणि तिसरी-चौथी माझ्याकडे असते. आज माझ्या एकोणीस मुलांची वाचन पडताळणी पूर्ण केली. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा, ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या पायऱ्याच वापरल्या. त्या साध्या आहेत आणि एका मुलामागे पाच मिनिटांत काम होते. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण याच सर्वेक्षणानुसार २०२२ मध्ये अवघे २०.५ टक्के होते. त्या मानाने आमची मुले बरी म्हणायची. माझी काळजी वेगळी आहे. गोष्टीपर्यंत पोचलेल्या सात मुलांना मी पुस्तक मिटून ‘म्हातारी परत का फिरली?’ एवढेच विचारले, तेव्हा पाच जण माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. काना, मात्रा, जोडाक्षर, रफार यांतले काहीही अडले नव्हते. अडली होती ती म्हातारी.

२४ जून, सोमवार

‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचावेत, असे अपेक्षित आहे. आज घड्याळ लावून मोजणी केली आणि या मोजमापाबद्दलची जुनी कुरकुर पुन्हा मनात आली. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. त्यामुळे ‘शाळेसमोरच्या’ हाही एक शब्द आणि ‘तो’ हाही एकच शब्द धरला जातो. ज्या उताऱ्यात ‘झाडाखालून’, ‘नेण्यासाठीसुद्धा’ असे शब्द दाटीने येतात, त्यात चांगले वाचणारे मूलही मिनिटाच्या हिशेबात मागे पडते. म्हणून वहीत शब्दसंख्येशेजारी उताऱ्याची अक्षरसंख्याही लिहायची आणि तिसऱ्या रकान्यात मुलाने वाचलेल्याबद्दल आपणहून विचारलेला एक प्रश्न नोंदवायचा, असे ठरवले. आज हा तिसरा रकाना पूर्ण कोरा आहे.

२ जुलै, मंगळवार

पुस्तकांचे कपाट उघडले. त्याला कुलूप का असते, हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. पुस्तके डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली असतात, एखादे हरवले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो, आणि फाटलेले पुस्तक निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, कागदी खटाटोप त्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो. त्यामुळे बरीच पुस्तके कोरीच म्हातारी होतात. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) आलेली काही पुस्तके अशी निघाली की, त्यांच्या पानांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. सरांशी बोलून ही सगळी पुस्तके वर्गात दोरीवर टांगायची आणि देवघेव मुलांच्याच वहीत लिहायची, असे ठरले. जबाबदारी दोघांनी मिळून घेतली.

कपाटाच्या खालच्या खणात पत्र्याची पेटी होती. तिच्यात जुनी जनरल रजिस्टरे (मुलांच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवह्या), लॉगबुक, सादिलवार म्हणजे किरकोळ खर्चाची वही आणि उंदरांनी कुरतडलेली हजेरीपत्रके सापडली. दाखल्याची नक्कल काढायची असली की सर ही पेटी उघडतात. एरवी तिला कोणी हात लावत नाही. एका चौथीच्या मुलाने वरच्या रजिस्टरात आपल्या आजोबांचे नाव स्वतः शोधले. बोट ठेवून, ओळ न चुकवता, सलग दोन पाने तो नावे वाचत गेला. शब्दांच्या पायरीवर अडकलेला म्हणून मी गेल्याच महिन्यात नोंदवलेला हा मुलगा आहे. प्रकल्प कोणता घ्यायचा, हे मी तिथेच ठरवले.

८ जुलै, सोमवार

कामाला लागण्यापूर्वी नियम ठरवले. जनरल रजिस्टर हा कायम जतन करायचा दस्तऐवज असल्याने मूळ प्रत मुलांच्या हाती द्यायची नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता मोबाइलने पानांची छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या छापील प्रती वाचायच्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, कारण ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरे घेऊनच सुटते. जातीचा रकाना छायाचित्रातच झाकायचा. यावर सरांचे आणि माझे थोडे बोलणे झाले. इतिहासच शिकवायचा तर तो रकाना लपवायचा कशाला, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, ज्यांची नावे त्या पानावर आहेत त्यांची नातवंडे एकाच बाकावर बसतात आणि वाचता येऊ लागलेले मूल समोर दिसेल ते मोठ्याने वाचते. अखेर रकाना झाकायचा, पण तो होता आणि आपण तो झाकला आहे हे मुलांना सांगायचे, यावर एकमत झाले.

१९ जुलै, शुक्रवार

पहिले वाचन लॉगबुकाचे घेतले. तपासणीला येणारे अधिकारी, ज्यांना वाडीवरची जुनी माणसे अजून ‘दिपोटी’ म्हणतात, ते शाळेबद्दलचा शेरा या वहीत लिहीत असत. १९५० च्या दशकातले अक्षर टपोरे आणि बोरूने लिहिल्यासारखे असल्यामुळे मुलांना ते माझ्या अक्षरापेक्षा सोपे गेले. पहिल्या दोन ओळी झाल्या नाहीत तोच एका मुलीने हात वर केला : “बाई, यांनी टिंबं चुकवली आहेत.” ‘शाळेंत’, ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’. मुलांनी एका पानावर अशी सत्तावीस टिंबे शोधली आणि दिपोटींना शंभरपैकी किती गुण द्यावेत यावर वर्गात वाद रंगला.

१९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे दिपोटींचे लेखन त्यांच्या काळी शुद्धच होते, असे मी सांगितले. मुलांना ते पटले नाही. नियम बदलला तर जुने चूक कसे ठरत नाही, या प्रश्नावर अर्धा तास गेला. शेवटी मी आणखी काही पाने वाटली आणि टिंबे कोणत्या पानापासून नाहीशी होतात ते शोधायला सांगितले. उत्तर गमतीचे निघाले. टिंबे १९६२ ला थांबत नाहीत; एका हस्ताक्षरात ती पुढे कितीतरी वर्षे टिकून आहेत आणि ते हस्ताक्षर संपते तेव्हाच संपतात. नियम कागदावर बदलला तरी त्या गुरुजींचा हात बदलला नव्हता.

आज तिसऱ्या रकान्यात चार प्रश्न लिहिले गेले.

५ ऑगस्ट, सोमवार

आजची नोंद सविस्तर करते आहे, कारण आज मुलांनी मला एका जागी अडवले.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर ‘स्थापना १९५०’ असे रंगवलेले आहे. सर्वांत जुन्या जनरल रजिस्टराचे पहिले पानही त्याच वर्षाचे असल्यामुळे या सनाबद्दल कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. पहिल्या पानाची प्रत मी केवळ रकान्यांची ओळख व्हावी म्हणून दिली होती : अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण. मुले एकेक ओळ आडवी वाचून पूर्ण वाक्यात सांगत होती. रजिस्टरातली ओळ वाक्य नसते, ते मुलालाच करावे लागते. अर्थ लावून वाचण्याचा यापेक्षा चांगला सराव मला आजवर सापडलेला नाही. सहा-सात ओळी झाल्यावर तिसरीतील एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, “बाई, शाळा जर ह्याच दिवशी सुरू झाली, तर ही चौथीतली मुलं आली कुठनं?”

मी पान हातात घेतले. पहिल्याच दिवशी दाखल झालेल्यांत पहिलीची मुले अधिक असली तरी काही तिसरीत आणि तीन चौथीत होती. मी या शाळेत नऊ वर्षे आहे आणि दाखल्यांसाठी हे पान किमान तीस वेळा उघडले असेल. प्रत्येक वेळी मी त्यावरचे एक नाव शोधले, पान वाचले नाही. पूर्वीच्या शाळेचा रकाना पाहिला तर त्या मोठ्या मुलांसमोर एकच शब्द एकाखाली एक लिहिलेला होता, पण शाई फिकी झाल्याने तो नीट लागेना. मुलांनी तो तुकड्यातुकड्याने सोडवला. एकाला ‘व्हा’ वाटला, दुसऱ्याला शेवटचा ‘री’ दिसला, आणि खालच्या ओळीत तोच शब्द जरा ठळक असल्याने मधला ‘लं’ सापडला. शब्द ‘व्हॉलंटरी’ होता.

हा शब्द साताऱ्याच्या शिक्षणाच्या इतिहासात ठाण मांडून बसलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर, जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत लोकांनी जागा द्यायची आणि संस्थेने शिक्षक द्यायचा, अशा व्हॉलंटरी शाळा रयतने १९३८ पासून डोंगरी भागात काढल्या. देऊळ, धर्मशाळा, कोणाची पडवी, जिथे आडोसा मिळेल तिथे त्या भरत. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डांचा कारभार मार्गी लागला आणि या शाळा बोर्डाकडे गेल्या. याचा अर्थ भिंतीवरचे १९५० हे साल शाळा सुरू झाल्याचे नसून ती बोर्डाच्या दप्तरात चढल्याचे असले पाहिजे.

मुलांनी विचारले, मग खरे साल कोणते. रजिस्टरात ते नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

भैरवनाथाच्या देवळात मुलांना घेऊन गेलो. वाडीवरचे सर्वांत वयस्कर आजोबा काठी टेकत आले आणि सभामंडपाच्या उजव्या खांबापाशी बसले. त्यांच्या सांगण्यानुसार शाळा याच मंडपात भरत असे. मास्तर आठवड्याने एकेका घरी जेवत, पाटी पुसायला घरून ओले फडके न्यावे लागे, आणि यात्रेच्या आधी आठ दिवस शाळा बंद राही, कारण मंडपात पालखीचे सामान ठेवले जाई. साल विचारल्यावर ते म्हणाले, “साल मास्तरला ठावं. मी बिगरीत व्हतो तवा थोरला भाऊ तिसरीत व्हता, एवढं लक्षात हाय.” मुलांनी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. एकाने ‘व्हतो’ खोडून ‘होतो’ केले, तेव्हा मी ते पुन्हा पूर्ववत करायला सांगितले.

पुजाऱ्यांनी एक जुने बाड काढून दिले. त्यात मंडपाच्या खर्चाचा हिशेब असावा, पण सगळा मजकूर जुन्या मोडी लिपीत आहे आणि मला मोडी येत नाही. आधी सलग ओढलेली शिरोरेघ, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरे, दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे संपतो तेच कळत नसल्याने डोळा घसरत पुढे जातो आणि हाती काही लागत नाही. पहिलीच्या मुलाला छापील पान असेच दिसत असणार, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच अंगावर आल्यासारखे जाणवले. मुलांना मात्र, बाईंना वाचता येत नाही याचा मनापासून आनंद झाला. बाडाची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. मोडी वाचणारे कोणी मिळेपर्यंत त्यातून निष्कर्ष काढायचा नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

दोन आठवडे जन्मतारखांचा रकाना वाचला. निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख १ जून! त्या काळी सगळी मुले एकाच दिवशी जन्मायची का, असा प्रश्न यायचाच होता. घरी जन्माची नोंद नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि वय नियमात बसावे म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहीत. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस असा गुरुजींनी ठरवलेला आहे. मुलांनी घरी जाऊन चौकशी केली, तेव्हा एका मुलाचे आजोबा सेवानिवृत्तही त्याच तारखेच्या हिशेबाने झाल्याचे समजले.

शाळा सोडल्याच्या कारणांत ‘मुंबईस गेला’ हे शब्द इतक्या वेळा येतात की, पुढे पुढे मुले ते न वाचताच म्हणू लागली. हा धोका मी लगेच नोंदवला, कारण अंदाजाने वाचणे हीच माझ्या वर्गाची जुनी सवय आहे. म्हणून १९८२-८३ चे पान मुद्दाम दिले. सवयीने त्यांनी ‘मुंबईस गेला’ असे म्हणून टाकले आणि मग एकेक जण अडखळला. तिथे उलटी नोंद होती : मुलगे आणि मुली मुंबईच्या महापालिका शाळांतून आमच्या शाळेत दाखल झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि साताऱ्याकडचे गिरणी कामगार बिऱ्हाडे घेऊन गावी परतले. हे मी सांगण्याआधी दोन मुलांनी घरून ऐकलेले सांगितले. एकाच्या घरात त्या वेळी आणलेला लोखंडी पलंग अजून आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. दोरीवरची पुस्तके मुलांनी दोन तास शांतपणे वाचली. जुलैपासून चार पुस्तके फाटली, एक हरवले आणि ते कोणी नेले हे सर्वांना ठाऊक आहे. अजून परत मागितलेले नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचे मतदान झाले. शाळा मतदान केंद्र असल्याने वाचन कोपरा उतरवावा लागला, आणि आम्हा दोघांनाही निवडणुकीचे काम असल्याने महिनाभर प्रकल्प रखडला. आज दोरी पुन्हा बांधली.

११ डिसेंबर, बुधवार

कोयनेच्या भूकंपाला आज ५७ वर्षे झाली. १९६७ सालच्या त्या पहाटेनंतर लिहिलेले लॉगबुकाचे पान मुलांनी देवळात वाडीतल्या मोठ्या माणसांसमोर वाचले. मागच्या भिंतीला गेलेला तडा, निखळलेले आढे आणि नंतरचे काही आठवडे चिंचेखाली भरलेले वर्ग, एवढाच मजकूर त्यात आहे. गुरुजींनी भीतीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. वाचन संपल्यावर मात्र माणसे बोलू लागली आणि थांबेनात. मुलांच्या वह्या भरल्या.

त्या गर्दीत एका आजींनी आपले नाव रजिस्टरात आहे का, असे विचारले. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. तिने प्रत शोधून आणली आणि त्यांच्यापाशी बसून वाचली : नाव, पहिलीत प्रवेश, दुसरीतून शाळा सोडली, कारण ‘घरकाम’. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “घरकाम न्हाय गं. भाऊ झाला व्हता. त्याला सांभाळायला कोन व्हतं?” मुलीने पेन्सिल काढली आणि प्रतीवर लिहायला जागा शोधू लागली, रकाना दोन बोटांचाही नव्हता. तिने मला विचारले की, गुरुजींनी लिहिलेले चूक आहे का. मी म्हणाले, रकान्यात मावेल तेवढे त्यांनी लिहिले. अशा दुरुस्त्यांसाठी आम्ही आजपासून वेगळी वही घातली आहे. डावीकडे रजिस्टरातली नोंद, उजवीकडे माणसाने सांगितलेली. पहिली नोंद याच आजींची आहे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

जूनमधल्याच पायऱ्यांवर, पण नव्या मजकुराने पुन्हा पडताळणी केली. एकोणिसांपैकी तेरा मुले गोष्ट वाचतात आणि त्यांपैकी अकरा तिच्याबद्दल बोलू शकतात. दोन मुले अजून शब्दांवरच आहेत. त्यांना रजिस्टराचा काही उपयोग झाला नाही, कारण त्यांचे अडणे अक्षरांपाशी आहे आणि तिथे रोजचा वेगळा वेळ देण्याला पर्याय नाही. प्रकल्पाच्या उत्साहात मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, हेही इथे लिहून ठेवायला हवे. उद्यापासून पहिली अर्धी तासिका फक्त त्या दोघांची.

मिनिटाला शब्दांचा वेग फारसा वाढलेला नाही. काहींचा तर कमी झाला आहे. ती मुले आता मध्ये थांबतात, मागे जातात, पुन्हा वाचतात. वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यात ही घसरण म्हणून दिसेल. तक्त्याला मी तिसऱ्या रकान्याच्या वहीची प्रत जोडली आहे, कोणी पाहील न पाहील.

२३ जानेवारी, गुरुवार

शाळा व्यवस्थापन समितीने मागील बैठकीत ठराव केला की, भिंतीवरचे साल खोडायचे नाही, पण त्याच्या वर एक ओळ वाढवायची. तिच्या मसुद्यावर मुलांनी चार दिवस घालवले. खात्री नसलेले साल लिहायचे नाही, एवढे त्यांनी स्वतःच धरून ठेवले होते. शेवटी ठरलेली ओळ अशी : ‘१९५० पूर्वी भैरवनाथाच्या देवळात भरणारी व्हॉलंटरी शाळा’.

रंगारी आज सकाळी आले आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ओळ रंगवून शिडीवरून उतरले. खाली मुले जमलीच होती. ‘व्हॉलंटरी’ हा अवघड शब्द त्यांनी अचूक काढला होता, म्हणून मी निर्धास्त होते. दुसरीतला एक मुलगा, जो माझ्या वर्गात नाही आणि प्रकल्पातही नव्हता, हात मागे बांधून बराच वेळ वर पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, बाणातला ण कुठाय?” भिंतीवर ‘भरनारी’ होते. रंगारी म्हणाले, “आमी बोलतो तसंच तर हाय की.” त्यावर चौथीच्या मुलांनी त्यांना सांगितले की, आजोबा बोलले ते आम्ही वहीत तसेच ठेवले आहे, पण ही ओळ आजोबांची नाही, शाळेची आहे. रंगारी हसले आणि पुन्हा शिडीवर चढू लागले, तेव्हा पांढरा रंग संपल्याचे लक्षात आले. सोमवारी येतो म्हणून गेले आहेत.